सुरूचं वय

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर सुरूचा पाला किनाऱ्यावर परत नेऊन टाकला.

लोक किनाऱ्यावरून पाला घरी आणतात. आमचीही हयात तेच करण्यात गेली. खराट्यानं ओढायचा, गोणीत पायानं दाबायचा, गोणी सायकलला आडवी बांधायची आणि घरी आणून न्हाणीतल्या चुलीला घालायचा. सुरूच्या वाळक्या सुया अशा पेटतात की रॉकेलची आठवण येत नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर ही म्हणाली, "पडवीतल्या गोन्या न्यायच्या आहेत. झाडांचं झाडांना देऊन टाकू."

म्हटलं, "आणि आंघोळीचं पाणी काय माझ्या डोक्यावर तापवशील?"

"तापेल की. डोकं कायम गरमच असतं तुमचं."

दोन गोण्या सायकलवर, सायकल माझ्या हातात, आणि ही मागून गोणीला हात लावून. आमच्या सांडोरहून किनारा काही फार लांब नाही. केळीच्या वाड्यांमधली वाट, मग डांबरी रस्ता, मग वाळू. पण ती थांबत थांबत आली. "थांबा हो, चपलेत खडा गेला." मी थांबायचो. ती वाकायची, चप्पल हातात घेऊन झटकायची, उभी राहून श्वास घ्यायची. पुढे परत खडा. चपलेत खडा नव्हता हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे तिलाही कळत होतं. मी आपला दर खेपेला नगरपालिकेच्या रस्त्याला शिव्या घालत होतो, म्हणजे तिला दम खायला वेळ मिळे.

किनाऱ्यावर भजीची गाडी लावणारी बाई ओळखीची. ती म्हणाली, "काकू, आज उलटी गंगा? पाला न्यायचा की आणायचा?"

"उसना घेतलेला," ही म्हणाली. "परत करते."

बनात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. त्यांचा फोटोवाला मला म्हणतो, "अंकल, जरा साइड में. पाईन के बीच में गोनी आ रही है."

ही त्याला म्हणाली, "पाईन नाय रे बाबा, सुरू. आनि गोनी राहू दे. फोटोत एक तरी वस्तू खरी असू दे." ती मुलगी, नवरी व्हायची ती, खुदकन हसली. मग फोटोवाल्यानंच कॅमेरा दुसरीकडे वळवला.

हिनं पाला हातानं पसरला. भाताचं बी फेकावं तसा एकेका बुंध्याभोवती. वाळून खडखडीत झालेल्या झाडांनाही टाकत होती. म्हटलं, "अगं, मेलेल्याला कशाला?"

"मेला म्हनून कोनी सांगितलं तुम्हाला?"

मीही एक मूठ त्या बुंध्याशी टाकली. तिचं हे 'म्हनून' माहेरचं. माहेर मिठागरातलं. तिथली माणसं पाणी न म्हणता पानी म्हणतात. लग्नानंतर माझ्या आईनं ते सुधारायचा फार प्रयत्न केला. शेवटी आईच पानी म्हणायला लागली.

आता हे पाल्याचं खूळ कुठून आलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा-म्हातारीला काम नव्हतं.

ते बन आम्ही लावलेलं आहे. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. तेव्हा वारा सुटला की वाळू उडून वाड्यांत यायची, पानवेलीची पानं फाटायची. म्हणून किनाऱ्यावर सुरू लावायचं सरकारी काम निघालं. आम्ही पुरुषांनी खड्डे काढले, बायकांनी रोपं लावली. मुकादमानं कुठल्यातरी जुन्या सुरूच्या बागेतली माती गोण्यांनी आणवली होती. प्रत्येक खड्ड्यात रोपाबरोबर त्या मातीची एक मूठ टाकायची. नव्या जागेत सुरूला त्याच्या ओळखीची माती मुळाशी लागते, नाहीतर तो पिवळा पडतो, असं तो सांगायचा. मी विचारलं, या मातीत असं काय आहे? तर म्हणाला, "मला काय ठाऊक, वरून सांगितलंय." ही तिथेच बोलली, "अहो, विरजन आहे ते. वाळूला विरजन लावायचं." झालं, त्या दिवसापासून सगळ्या बायका त्या मातीला विरजण म्हणायला लागल्या. "ए, विरजण संपलं गं इकडे," अशा हाका किनाऱ्यावर ऐकू यायच्या. मुकादम आधी चिडला. मग त्याच्याही तोंडात तोच शब्द बसला.

वाळूला विरजण लागलं. सुरू असे वर गेले की दोन-चार वर्षांत खाली सावली धरायला लागली. आमचा थोरला मुलगा त्या सावलीत रांगला आहे. तो आज चंदनसारला फ्लॅट घेऊन राहतो, रोज मुंबईला कामाला जातो, अंगानं माझ्या दुप्पट आहे. झाडं त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. हे मुद्दाम सांगतोय, ध्यानात ठेवा.

मग काही वर्षांपासून शेंडे वाळायला लागले. आधी वरची टोकं तपकिरी होतात, मग फांद्या विरळ होतात, मग एका पावसाळ्यानंतर बघावं तर झाड आहे पण त्याच्यात झाड नाही. सालीवर बोट ठेवलं की भुगा पडतो. एक मेलं, मग शेजारचं, मग मधूनच कुठलंतरी तिसरं.

आता बघा, किनाऱ्यावर काय काय चालतं. सुट्टीच्या दिवशी लोक गाड्या थेट बनात घालतात. सुरूची मुळं वरच्यावर असतात, त्यांच्यावरून चाकं फिरतात. वाळू टेम्पोनं चोरून नेतात, त्यामुळे पहिल्या रांगेची मुळं उघडी पडून हवेत लोंबतात आणि उधाणाचं पाणी त्यांना चाटून जातं. झोपाळे बांधायला खोडात खिळे ठोकतात. शेकोट्या बुंध्यालाच टेकवून पेटवतात, वारा लागू नये म्हणून. तळणीचं जळकं तेल, चहाची भांडी धुतलेलं पाणी, सगळं मुळाशी. मागच्या बाजूला बंगले झाले, त्यांनी भिंती घातल्या, भराव टाकला. पावसाचं पाणी पूर्वी ओढ्यानं निघून जायचं, ते आता बनातच तुंबतं, पायाच्या घोट्याएवढं, कितीतरी दिवस. आणि त्याच बंगल्यांच्या बोअरिंगनी जमिनीखालचं गोडं पाणी खेचून काढलंय.

माझं म्हणणं गाड्यांमुळे मेले. हिचं म्हणणं खाऱ्या पाण्यामुळे. यावर आमची भांडणं व्हायची. "मिठागरात वाढले मी. खारं पानी काय करतं ते मला नका शिकवू." मी म्हणायचो, "मग मधल्या रांगेतले का मेले? तिथे खारं कुठून आलं?" ती म्हणायची, "खालून." मी म्हणायचो, "खाली बघून आलीस का?" असं आमचं चालायचं. गावातही ज्याला त्याला आपापलं कारण होतं. कोणी म्हणायचं कीड, कोणी म्हणायचं करणी. पण काही झालं तरी प्रत्येकाला निदान कारण हवं होतं.

कारण नको असलेला पहिला माणूस गाडीतून आला. कुठल्याशा खात्याचा साहेब. गाडी बनात उभी केली, खाली उतरला, मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाला, "वय झालंय या झाडांचं." बरोबरच्या माणसानं लाल रंगाचा डबा उघडला आणि खोडांवर फुल्या मारायला लागला. वाळलेल्यांवर मारल्या ते ठीक. अर्ध्या हिरव्यांवरही मारल्या. तिथे म्हणे फरशी घालून चालायची वाट होणार, बसायला बाकडी होणार, फोटो काढायला एक कमान होणार.

ही पुढे झाली. "साहेब, ही माझ्या पोराबरोबरची आहेत. पोराला कोनी म्हनतं का वय झालं?"

साहेब हसला. "आजी, झाडाचं वय वेगळं असतं."

मी विचारलं, "किती असतं?"

"ते झाडावर असतं," असं म्हणून तो गाडीत बसला. गाडी मागे घेताना चाक एका मुळावर चढून उतरलं. ते मी त्याला हात करून दाखवलं. त्यानं उलट मलाच हात केला.

मला शिकलेल्या माणसाचा राग नाही. मला न बघणाऱ्या माणसाचा राग आहे. पावसाळ्यानंतर दुसरा एक साहेब आला, तरुण होता. त्यानं चपला काढल्या, आमच्याकडून कुदळ मागून घेतली आणि वाळत चाललेल्या एका झाडाशी बसला. माती उकरली, मूळ मोडून वास घेतला, साल सोलून भिंगातून बघितली, माती पिशवीत भरली. मी शेजारी उभा राहून त्याला सगळं सांगितलं. गाड्या, टेम्पो, खिळे, तेल, भिंत. तो प्रत्येकाला म्हणायचा, "तेही असेल." हिनं खाऱ्या पाण्याचं सांगितलं. "असेल, मावशी." मला संताप आला. सबंध दुपार झाडाजवळ बसून माणूस नुसतं 'असेल' म्हणतो.

मग त्यानं चहा घेताना सांगितलं. आधी तो दूर डोंगराळ भागात होता, तिथे खऱ्या पाईनच्या बागा लावलेल्या. सुरूला लोक पाईन म्हणतात ते चूक, पण दुखणं तेच, असं म्हणाला. परक्या मुलखातलं झाड आणून उष्ण जागी एका वयाचं, एका जातीचं, रांगांनी लावलं. पहिली वर्षं भराभर वाढलं. मग शेंडे वाळायला लागले. कोणी म्हणालं पाऊस कमी पडला, कोणी म्हणालं मुळाशी पाणी साचलं. कोणाला बुरशी सापडली, कोणाला खोडकिडा सापडला. काही ठिकाणी तर पाईनच्या मुळाला जी चांगली बुरशी लागते तीच मातीत नव्हती. हे ऐकून ही मला कोपरानं ढोसून म्हणाली, "विरजन." साहेबाला तो शब्द समजावून सांगितला, तर त्याला फार आवडला.

"आधी झाड कशानंतरी अशक्त होतं," तो म्हणाला. "मग जो येईल तो त्याला मारतो. आणि शेवटी जो सापडतो त्याच्या नावावर खून लागतो."

मी म्हटलं, "आणि वय?"

"वयाचाही थोडा भाग असेल, काका. पण वय झालं असं एकदा म्हटलं की माणूस पुढे बघतच नाही. म्हणून मी ते सगळ्यात शेवटी धरतो."

उठता उठता त्यानं विचारलं, "इथला पाला कोणी झाडून नेतं का?"

"आम्हीच नेतो की," ही म्हणाली.

"तो राहिला तर बरं. ते झाडाचं खाणं आहे, पांघरूणही आहे."

घरी येताना मी भडकलो होतो. म्हटलं, "बघ, बंगलेवाले सुटले, टेम्पोवाले सुटले, आणि आपली न्हाणी फासावर चढली." ती कुदळीची माती झटकत चालली. मला वाटलं विसरली. विसरणारी नव्हती ती.

याच वर्षात हिला दम लागायला लागला होता. आधी जिना चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसती बसल्या बसल्या. संध्याकाळी पाय सुजायचे. जवळच्या डॉक्टरनं सांगितलं गॅस. दुसऱ्यानं सांगितलं रक्त कमी आहे, बीट खा. मुलगी तुळिंजला असते, ती तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे आमचा नंबर येईपर्यंत हिच्या पायांना चपला होईनात. आत डॉक्टरनं कागदावरचं वय वाचलं आणि म्हणाला, "या वयात असं होणारच, मावशी. मीठ कमी करा."

रिक्षात ही हसायला लागली, दम लागला तरी हसत होती. "मला म्हनतो मीठ कमी कर. माझा बाप असता तर डॉक्टरलाच मिठाच्या ढिगावर बसवला असता." मुलगीही हसली. मी हसलो नाही. मी विचार करत होतो, की याच्या टेबलापासून हिचे पाय हातभर लांब होते. याला वाकून त्या सुजेवर एक बोट दाबून बघता आलं नाही. झाडाला निदान कुदळ घेऊन मुळाशी बसणारा एक माणूस भेटला. हिला तेवढाही कोणी भेटला नाही. मी म्हणत होतो मुंबईला नेऊ. मुलगा म्हणाला, बाबा, पुढच्या महिन्यात सुट्टी काढतो. ही म्हणाली, कशाला, होईल बरं.

तर असा तो पाला टाकायचा दिवस. किनाऱ्यावरून आम्ही आलो. पडवीत उरलेली गोणी उद्या नेऊ म्हणाली. चहा केला तो मी. तिनं बशीत ओतला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, "खिडकी उघडा हो." खिडकी उघडीच होती.

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेली. दिवेलागणीला गेली. तिथला डॉक्टर वाईट नव्हता, माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. मी विचारलं, "कशानं गेली?"

"काका, वय झालं होतं."

"मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे," मी म्हटलं. "मी कसा उभा आहे मग?"

त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. दया नको होती मला. कारण हवं होतं. हृदय होतं का, फुप्फुस होतं, मूत्रपिंड होतं, पाणी कुठे साचलं होतं, कोणी काय बघायचं राहून गेलं. त्या पोरगेल्या साहेबासारखं 'हेही असेल, तेही असेल' म्हणाला असता तरी मी ऐकून घेतलं असतं.

रात्रीचं काही सांगत नाही.

सकाळी घर माणसांनी भरलं. ही खाली चटईवर. नातेवाईक येत होते, माझ्या शेजारी बसून म्हणत होते, सोनं झालं, कोणाचं काही करून न घेता गेली. वय झालंच होतं म्हणा. प्रत्येकजण तेच. जणू सगळे एका शाळेतून पाठ करून आले होते. मी मान हलवत नव्हतो, म्हणून त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. मग ते मोठ्यानं म्हणाले.

मुलीच्या हातात फोन होता. गावात कोणी गेलं की नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहितात, नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. आता कोणीतरी त्या फळ्याचाही फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकतं. तिनं तो मला दाखवला. मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. तिचं नाव, माझं नाव, आणि पुढे, 'यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा सकाळी १० वा.'

मी उठलो. मुलगा म्हणाला, "बाबा, आत्ता कुठे? माणसं येतायत."

"नाक्यावर."

"काय आणायचंय? मी आणतो."

"आणायचं नाही," म्हटलं. "पुसायचंय."

कोणीतरी बाई पुटपुटली, धक्का बसलाय त्यांना. बसू दे म्हटलं. मी वहाणा घातल्या आणि गेलो.

फळ्यावर लिहिणारा माझ्या बरोबरीचाच आहे. शाळेत शिपाई होता, अक्षर वळणदार, म्हणून हे काम त्याच्याकडे. तो दूधवाल्याच्या दुकानापाशी बाकड्यावर बसला होता. मला बघून घाईनं उभा राहिला. त्याला वाटलं मी रडायला आलोय. त्यानं हात पसरले.

मी म्हटलं, "ते वृद्धापकाळाने कोणी सांगितलं तुला?"

"अरे, तसं लिहितात."

"कोण लिहितात?"

"मीच लिहितो. पद्धत आहे."

"तू माझ्या बरोबरीचा. तुला झाला का वृद्धापकाळ?"

तो बावरला. "मग अल्पशा आजाराने करू का?"

"अल्पसा? वर्षभर धापा टाकत होती ती. तुझ्याच दारावरून जायची."

"मग दीर्घ आजाराने."

"कुठला आजार?"

"तुला ठाऊक असेल की."

"मला नाही ठाऊक. तेच तर. कोणालाच नाही ठाऊक, आणि तू खुशाल लिहून मोकळा झालास."

दूधवाला पिशव्या मोजायचा थांबला होता. फळ्याखाली दोन बायका उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या. मी खांद्यावरचा पंचा काढला, दुकानाच्या नळावर भिजवला आणि तो एक शब्द पुसला. नाव राहू दिलं, वेळ राहू दिली. पंचा पांढरा झाला, परत पिळून परत पुसला, कारण खडू ओला झाला की आधी पसरतो. पंचा मोठा, शब्द लहान, त्यामुळे शेजारच्या 'यांचे'चा अर्धा भागही गेला. तो त्यानं मागाहून नीट करून दिला.

मग खडू हातात धरून तो उभाच राहिला. "इथे काहीतरी लिहायला हवं रे," तो म्हणाला. "मधेच अशी रिकामी जागा वाईट दिसते."

"दिसू दे," मी म्हटलं. "कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

पंचा पिळून खांद्यावर टाकला आणि घरी आलो. दहा वाजायला आले होते.